साडेतीनची वही

खिडकीच्या गजावर पेनाच्या टोपणाने दोनदा टकटक व्हायची आणि पाठोपाठ आवाज यायचा, "सूनबाय, आज काय आलें?"

मी मान वर न करता म्हणायची, "साडेतीन वाजत आले, मामा."

हा विनोद मी तीन वर्षं रोज केला आणि तीन वर्षं ते रोज हसले. इतका शिळा विनोद रोज गोड मानून घेणारा माणूस मला पुन्हा भेटलेला नाही.

मी कुंभकोणममधल्या एका कॉलेजच्या ऑफिसात कारकून आहे. माहेर साताऱ्याचं. लग्न करून इथल्या मराठी घरात आले त्याला बावीस वर्षं झाली. ही घरं मराठे राजांच्या काळात इकडे आली आणि इथलीच झाली. घरात मराठी, उंबऱ्याबाहेर तमिळ. मामा अशाच एका घरातले. नात्याने माझे कोणी नव्हते. आमच्या मागच्या गल्लीत त्यांचं कॉफीच्या बिया भाजून दळून देण्याचं दुकान होतं आणि मी गल्लीची सून, म्हणून सूनबाय. त्यांचं नाव सांगत नाही. गल्लीतही ते कोणी घेत नसे, आणि छापून आलेलं त्यांना मुळीच आवडलं नसतं.

बुटकी मूर्ती, गुडघ्यापर्यंत दुमडलेली वेष्टी म्हणजे इकडचं धोतर, खिशात दोन पेनं आणि कानांच्या पाळ्यांवर कायम कॉफीची पूड. दुपारी दुकान बंद असायचं, तेवढ्या वेळात सायकल मारत यायचे. काखेत दोनशे पानांची वही. माझ्या खिडकीबाहेरच्या बाकावर बसायचे, वरच्या कोपऱ्यात तारीख घालायचे आणि म्हणायचे, "हां, वाच."

मग मी माझ्या फोनवर आलेले कॉलेजचे निरोप वाचायची आणि ते उतरवून घ्यायचे. कारण त्यांची मुलगी रुक्कू आमच्याकडे बी.एस्सी. करत होती, केमिस्ट्री घेऊन, आणि अख्ख्या वर्गात तिच्या एकटीकडे फोन नव्हता.

आता तुम्ही म्हणाल, आला एक जुन्या वळणाचा बाप, पोरगी बिघडेल म्हणून फोन न देणारा. मलाही पहिल्यांदा तसंच वाटलं होतं. पण रुक्कू बिघडेल हा विचार त्यांच्या स्वप्नातही नव्हता. आमच्या केमिस्ट्रीच्या सरांनी एकदा त्यांना बोलावून नीट समजावलं, की बाबा रे, हल्ली वेळापत्रक, नोट्स, सूचना सगळं फोनवर येतं, मुलीला एक घेऊन दे. मामांनी शांतपणे ऐकलं आणि तमिळमध्ये विचारलं, "सर, निरोप एकटा येतो का? कुणी तरी आणतो ना? मी आणतो."

सर माझ्याकडे बघायला लागले. मी फाइलीत तोंड घातलं.

हे वेड कुठून आलं ते मला पुढे कळलं. मामा जवळच्या मरुदानल्लूर गावच्या भजनाला जाणारे. त्यांच्या मंडळींत एक रीत होती. नवीन माणसाला पदाचा कागद द्यायचा नाही. त्याने जुन्या माणसाशेजारी बसायचं आणि ऐकून स्वतःच्या हाताने उतरवायचं. सांगणाऱ्याला एखादी ओळ आठवली नाही, तर तेवढी जागा कोरी सोडायची. ओळ गाळून पुढची वर ओढायची नाही. कधी तरी ती येणारा माणूस भेटेल, तो आपल्या हाताने भरेल.

मामांनी मला त्यांची भजनाची वही दाखवली होती. मराठी पदं, तमिळ अक्षरांत. मधे एका ओळीची शाई वेगळी, अक्षर थरथरतं. "हें अकरा वर्षें कोरें होतें," ते म्हणाले. "मग पट्टीश्वरमचा एक म्हातारा भेटला. त्यानें भरलें. त्याला येत होतें."

"अकरा वर्षं एका ओळीसाठी थांबलात?"

"मग काय करणार? आपल्याला येत नाहीं म्हणून ओळ नाहीं असें होतें का?"

कॉलेजच्या वहीतही तोच कायदा. रोजचं एक पान. काही आलं नसेल तर तारखेखाली "आज कांहीं नाहीं" असं लिहून टाकायचे. आणि जे आलं ते सगळं, जसंच्या तसं. आमच्या एक मॅडम प्रत्येक सूचनेखाली गुलाबाची फुलं आणि जोडलेले हात टाकतात. मी वाचून संपवलं की मामा विचारायचे, "खालीं आणीक काय आहे?"

"फुलं आहेत, मामा."

"किती?"

"चार."

ते चार फुलं काढायचे. जोडलेले हात तर इतके छान काढायचे, की घड्याळाचा पट्टासुद्धा दिसायचा. रुक्कू सांगायची, की रात्रीच्या जेवणाआधी अप्पा समोर बसून वही वाचून दाखवतात आणि फुलांची चित्रं उंच धरतात. आठवी नापास माणूस. मुलीचं शिक्षण त्यांना कळत नव्हतं, शिकवता येत नव्हतं. बायको रुक्कू चार वर्षांची असताना गेली. वेण्या घालायचं वय संपल्यावर मुलीसाठी करण्यासारखं त्यांच्या हातात हे एवढंच उरलं होतं. फोन आला असता तर तेही गेलं असतं. हे त्यांनी कधी बोलून दाखवलं नाही, आणि मला कळलं तेही फार उशिरा.

रुक्कूला मात्र फोन हवा होता. का नसावा? ती मैत्रिणींच्या फोनवर माना वाकड्या करून नोट्स वाचायची. तिसऱ्या वर्षाला असताना एकदा खिडकीशी येऊन तिने मला हळूच म्हटलं, "वैनी, तुम्हीं सांगा ना अप्पांना. तुमचें ऐकतात. लहानसा चालेल."

"सांगते," मी म्हटलं.

सांगितलं नाही. आज खरं लिहून टाकते. मला दुपारी साडेतीनची ती टकटक हवी होती. दिवसभर तमिळ बोलून, तमिळ ऐकून जीभ आखडायची, आणि मग हा माणूस येऊन माझ्या मराठीला नावं ठेवायचा. मी "येते" म्हटलं की म्हणायचे, "नुसतें येते काय? जाऊन येतें म्हण. गेल्याशिवाय येशील कशी?" फोन आला असता तर ते कशाला आले असते? मी आज सांगू, उद्या सांगू करत राहिले आणि शेवटचं सत्र आलं.

रुक्कूने चेन्नईला एम.एस्सी.साठी प्रवेशपरीक्षा दिली होती आणि जागा मिळवली होती. जुलैपर्यंत पदवीची गुणपत्रिका दाखवायची, एवढीच अट. मामांनी ते पत्र माझ्याकडून दोनदा वाचून घेतलं आणि वहीत उतरवलं. शेवटची प्रात्यक्षिक परीक्षा शुक्रवारी होती. मुलांना अभ्यासाची सुट्टी लागली होती.

बुधवारी दुपारी बाहेरच्या परीक्षकांचा फोन आला. त्यांना शुक्रवारी जमणार नव्हतं, ते गुरुवारीच येणार होते. सकाळी नऊला. सरांनी मला सांगितलं आणि वर्गाच्या ग्रुपवर तो निरोप मीच टाकला. घाईची गोष्ट म्हणून खाली जोडलेले हातही टाकले. एकोणचाळीस जणांनी पाहिल्याची खूण आली. वर्गात मुलं चाळीस.

साडेतीन वाजले, टकटक झाली नाही. मग आठवलं, आज एकादशी. मामा मरुदानल्लूरला, सुट्टी असल्यामुळे रुक्कूही बरोबर. त्यांचा बटणांचा फोन भजनात बंद असतो आणि नंतर सुरू करायची त्यांना आठवण राहत नाही. तिची मैत्रीण दोनदा फोन करून दमली, हे मला मागाहून कळलं. मी मनाशी म्हटलं, संध्याकाळी घरी जाताना सांगून जाऊ. संध्याकाळी गेले तेव्हा दाराला कुलूप होतं. चिठ्ठी तरी सरकवावी, तर माझ्याकडे नणंद यायची होती आणि मला वाटेत भाजी घ्यायची होती. सकाळी जाताना सांगू. सकाळ कुठे पळून चालली आहे?

सकाळी नणंदेच्या गडबडीत मी घराबाहेर पडले ती आधीच उशीर झालेली. साडेआठला त्यांच्या गल्लीतून गेले. एकादशीची सुट्टी करून उघडलेलं दुकान, समोर गिऱ्हाइकांची गर्दी. मामांनी मला पाहिलं. पूड लागलेला हात वर केला.

मीही हात केला आणि पुढे गेले.

माझ्या डोक्यात त्या वेळी काहीही नव्हतं. रुक्कू आत बसून शुक्रवारच्या परीक्षेचा अभ्यास करत होती. दुकानापासून कॉलेज सायकलने दहा मिनिटं.

साडेअकराला प्रयोगशाळेचा शिपाई हजेरीचा कागद घेऊन आला. एका नावापुढे लाल शाईने गैरहजर लिहिलं होतं. मी उभी राहिले ती मला पुन्हा बसता येईना. दुकानाशेजारच्या स्टेशनरीवाल्याला फोन करून निरोप दिला. रुक्कू आली ती अनवाणी. सर बिचारे हात जोडत परीक्षकांच्या मागे फाटकापर्यंत गेले. पण सह्या झाल्या होत्या, पाकीट बंद झालं होतं, गाडी निघाली. प्रात्यक्षिक पुढच्या सत्रात. चेन्नईची जागा जुलैत दुसऱ्या कुणाला गेली.

रुक्कू माझ्यापाशी रडली नाही. तिने फक्त विचारलं, "ग्रुपवर केव्हां आलें, वैनी?" मी म्हटलं, "काल दुपारी." तिने मान हलवली.

त्याच दिवशी संध्याकाळी मामा खिडकीशी आले. त्या दिवशी टकटक नव्हती. हातात फोनचं खोकं, तेही चांगल्यातलं. "सूनबाय, ह्यांत ते ग्रुप घाल," म्हणाले. मी घालायला घेतले. मी म्हटलं, "मामा, चूक माझी—"

"तूं टाकलें होतेंस ना? मी नव्हतों. निरोप आणीन म्हणून मीच बोललों होतों." एवढं बोलून ते सायकल हातात धरून चालत गेले.

काल संध्याकाळी मला आठवत होतं आणि आज सकाळी मी तुम्हाला हात केला, हे मी त्यांना सांगितलं नाही. त्या दिवशी नाही आणि नंतरही नाही.

दुसऱ्या दिवशी साडेतीनला पुन्हा टकटक झाली. "आज काय आलें?"

"मामा, आता रुक्कूला थेट जातं."

"ठाऊक आहे. तरी वाच."

मी वाचलं, त्यांनी उतरवलं. आठ-दहा दिवस आले. मग एक दिवस म्हणाले, "घरीं वाचायला गेलों, तर ती म्हणाली, पाहिलें अप्पा." हसले. दुसऱ्या दिवशीपासून आले नाहीत. मी साडेतीनला खिडकीकडे पाहायची. इतर वेळी मी दुकानावरून जाताना ते हात करायचे तेव्हा माझा हात वर होत नसे. मी वाट बदलली.

रुक्कूने एक वर्ष घरी बसून, परीक्षा देऊन, पुन्हा जागा मिळवली आणि चेन्नईला गेली. गेल्या मार्गशीर्षात मामांना दुकानातच झटका आला. शेजाऱ्यांनी तिला फोन केला, ती मिळेल ती बस धरून आली आणि दोन तास त्यांचा हात धरून बसली. तेवढे दोनच तास मिळाले. फोन नसता तर तेही मिळाले नसते. कॉलेजातल्या मुलांना फोन लागतो का, असं कोणी विचारलं तर मी हो म्हणते. लागतो. मला ते तेव्हाच सांगायचं होतं, आणि तिने सांग म्हणून विनवलंही होतं.

तेराव्यानंतर रुक्कू माझ्या घरी आली. हातात त्या वह्यांमधली शेवटची वही. मला राहवलं नाही. मी सगळं बोलून टाकलं. दाराचं कुलूप, नणंद, भाजी, सकाळी केलेला हात.

तिने हातातली वही मांडीवर ठेवली. मग म्हणाली, "वैनी, तें अप्पांना ठाऊक होतें. त्याच दिवशीं म्हणाले, सूनबाय सकाळीं इथूनच गेली, घाईंत होती. तिला कधीं विचारूं नको, ती जेवायची नाहीं."

मी तोंडाला पदर लावला.

तिने वही उघडून माझ्यापुढे ठेवली. कॉफीचा वास आला. त्या बुधवारची तारीख, मामांच्या अक्षरात. खाली "आज कांहीं नाहीं" असं लिहिलेलं नव्हतं. अख्खं पान कोरं. दुसऱ्या पानावर पुढची तारीख.

"हें तुम्हीं भरायचें आहे," रुक्कू म्हणाली. "तुम्हांला येतें."

तिने वडिलांचं पेन काढून दिलं. मला तो निरोप तोंडपाठ होता. मी हळूहळू, एकेक शब्द लिहिला. परीक्षा शुक्रवारऐवजी गुरुवारी, सकाळी नऊ वाजता, सर्वांनी वेळेवर यावे. ती शेजारी बसून वाचत होती.

"खालीं आणीक काय होतें?" तिने विचारलं.

खाली मी जोडलेले हात टाकले होते. ते काढायला बसले. दोनदा खोडले, तिसऱ्यांदा काढले. मला तिन्ही वेळा जमले नाहीत.