बघतो

सिंगापूरला सेम्बावांगच्या गोदीत दुरुस्तीला आलेल्या तेलाच्या रिगवर जायचं, लाइफबोटी तपासायच्या आणि सही करायची, हे माझं काम. कंटाळवाणं आहे, पण या वयात मला कंटाळवाणंच बरं वाटतं. मागच्या वर्षी एका रिगची फाइल उघडली, तर रिगच्या प्रमुखाच्या जागी ओळखीचं नाव. कानशिलं तापली. एकोणीस वर्षांनी बेटा तावडीत सापडला होता.

तेव्हा आम्ही दोघं समुद्रातल्या एकाच प्लॅटफॉर्मवर होतो. तो साहेब, मी नवखा. बाकी सगळे परदेशी, म्हणून आम्ही आपसांत मराठीत बोलायचो, कामाचंसुद्धा. तिथेच घात झाला. पंप सुरू करायच्या आधी मी म्हणालो, "सर, खालचा व्हॉल्व्ह बंद करायचा राहिलाय." तो म्हणाला, "बघतो." मला वाटलं, हा जाऊन बंद करेल. दहा मिनिटांनी मी पंप सुरू केला. गरम तेल उडालं आणि एका फिटरचा हात कोपरापर्यंत भाजला.

चौकशी इंग्रजीत झाली. मी सांगितलं, व्हॉल्व्हचं काम यांनी स्वतःकडे घेतलं होतं. साहेब शांतपणे म्हणाला, मी फक्त विचार करतो म्हणालो होतो. एकाच शब्दाची ही दोन भाषांतरं, आणि दोन्ही बरोबर. साहेबाचं ग्राह्य धरलं गेलं. मला पुन्हा कुणी समुद्रावर पाठवलं नाही.

आता तो गोदीच्या कॅन्टीनमध्ये माझ्यासमोर बसला होता. केस गेलेले, एक गुडघा सारखा चोळत होता. पूर्वी अरे-तुरे करणारा माणूस अहो-जाहोवर आला होता. "शुक्रवारी रिग निघायलाच हवी हो. नाहीतर माझं हे शेवटचं काम गेलं. तेवढी सही कराल ना?"

मी कोपीचा, म्हणजे इथल्या कॉफीचा, घोट घेतला आणि म्हणालो, "बघतो."

त्याचा चेहरा उतरला. मला फार बरं वाटलं, खोटं कशाला बोलू?

मग तीन दिवस मी खोट शोधत राहिलो. एरवी जे दुरून पाहून सोडतो, ते हाताने चाचपलं. बोटींच्या पोटात वाकून वाकून कंबर धरली. तो रोज खाली उन्हात उभा असायचा. घरी बायको वैतागली. "सही करा नाहीतर नका करू, पण रोज जेवायला तो माणूस आपल्या पानावर नको."

गुरुवारी दुपारी शेवटच्या बोटीचा शेवटचा हूक तपासला. काही म्हणता काही सापडलं नाही. एखादी खोट लिहून दिली असती तरी कोण विचारणार होतं? खोटं लिहिलं असतं, तर चौकशीत बसलेला तो आणि मी यांच्यात फरक काय राहिला असता? शिवाय खरं सांगायचं तर मी थकलो होतो. सही केली.

खाली जाऊन फाइल त्याच्या हातात दिली. त्याने उघडून पाहिली नाही. म्हणाला, "त्या दिवशी मी व्हॉल्व्ह बंद करायलाच निघालो होतो. वाटेत फोन आला आणि विसरलो. चौकशीत घाबरून खोटं बोललो." मग एकदम जुन्या सवयीवर येऊन त्याने विचारलं, "मला माफ करशील का रे?"

एकोणीस वर्षं मी याच वाक्याची वाट पाहिली होती. आता ते कानावर पडलं आणि मला घरी जाऊन फक्त झोपावंसं वाटलं.

"बघतो," मी म्हणालो.

रिग शुक्रवारी गेली. माझा तो 'बघतो' त्या दोन अर्थांतला कुठला होता, हे मला अजून सांगता येत नाही.