पेज आणि दुसऱ्याची जीभ

प्रार्थनागृहाच्या मागे, चपला काढायच्या जागेला लागून, एक लांबट स्वयंपाकघर आहे. एरवी तिथे चहापलीकडे काही होत नाही. मोठ्या उपासाच्या दिवशी मात्र दुपारीच पातेली चढतात, कारण त्या दिवशी वस्तीतली माणसं पाण्याचा थेंबही न घेता राहतात आणि सूर्य मावळला की इथेच येऊन उपास सोडतात. हा उपास सोडवायचं काम कित्येक वर्षं एकाच बाईकडे होतं. सगळे त्यांना वहिनी म्हणत. वयाने मोठे असलेलेसुद्धा.

वहिनींचा क्रम ठरलेला. आधी कोमट पाणी, तेही घोटघोट. मग कलिंगडाच्या फोडी, फ्रीजमधल्या नव्हेत. मग सोललेली काकडी पातळ दह्यात. शेवटी वाटीभर भाताची पेज, इतकी सैल की खायची की प्यायची ते ज्याचं त्याने ठरवावं. तळलेलं नाही, फार गोड नाही. मीठ बेताचंच, कारण दिवसभर तहानलेल्या माणसाला खारट दिलं तर तो रात्रभर पाणीच पीत बसतो.

"वहिनी, तुमच्याकडे जेवलं की उपास सुटला का आजारपण लागलं तेच कळत नाही," असं कोपऱ्यावरचा टेलर दरवर्षी म्हणायचा आणि तिसरी वाटी पुढे करायचा.

वहिनी स्वतःही कडक उपास करत. त्यामुळे चव बघायची कोणी, हा प्रश्न होता. जिभेच्या टोकाला थेंब लावून थुंकला तर उपास मोडत नाही, असं खुद्द धर्मगुरूंनी त्यांना सांगितलं होतं. वहिनींना ते पटलं नाही. "तोंडात गेलं ते गेलं," त्या म्हणाल्या. तेव्हापासून चव बघायचं काम त्यांच्या नणंदेकडे आलं. वन्सं लवकर विधवा झाल्या आणि मुलाला घेऊन भावाकडे राहायला आल्या. पोटाच्या दुखण्यामुळे डॉक्टरांनी त्यांना उपास बंद केला होता. वहिनी डाव पुढे करायच्या, वन्सं चाखायच्या आणि म्हणायच्या, "कणभर घाल," किंवा "झालं, हात धू." स्वयंपाकघरातल्या बायका त्यांना जीभ म्हणत. "अगं, जीभ आली का? मग झाकण काढ." सगळ्या हसायच्या. वन्संही हसायच्या.

मग एका वर्षी दोन गोष्टी बदलल्या. जाड्या मिठाऐवजी बारीक मिठाची पिशवी आली आणि वहिनींच्या मुठीचा अंदाज चुकायला लागला. दुसरी गोष्ट प्रार्थनागृहाच्या कार्यवाहांनी उपासाच्या आठवडाभर आधी कानावर घातली.

"तरुण मंडळी कुरकुर करतात, वहिनी. केटरर लावा म्हणतात. मी म्हटलं, यंदा बघू. यंदा तक्रार आली, तर मात्र माझा नाइलाज आहे."

घरी येऊन वहिनींनी ते वन्संना सांगितलं. सगळंच सांगायच्या.

उपासाच्या दिवशी उन्हं कलली तशी पेज उकळली. वहिनींनी मूठभर मीठ टाकलं, ढवळलं आणि डाव पुढे केला.

"अळणी आहे," वन्सं म्हणाल्या.

"अळणी? एवढं घालून?"

"मीठ बारीक आहे ना. बारीक मीठ लागतच नाही."

वहिनींनी पुन्हा घातलं. वन्संनी पुन्हा चाखलं. "अजून."

"वन्सं, नीट बघा हं."

"आता मी खोटं बोलेन का? माझं तोंड काय उपाशी आहे?"

वहिनींनी तिसऱ्यांदा मीठ घातलं.

पाणी झालं, कलिंगड झालं, काकडी झाली. पेजेच्या वाट्या फिरल्या आणि हॉलमध्ये चमचे थांबले. एका म्हाताऱ्या बाईंनी पदराआड तोंड पुसलं. टेलरने वाटी खाली ठेवली आणि दुसरी मागितली नाही. थट्टाही केली नाही. पाण्याची भांडी भराभर रिकामी व्हायला लागली. कार्यवाह दारात येऊन उभे राहिले, त्यांनी वहिनींकडे बघितलं आणि ते परत फिरले.

वाढणारे शेवटी जेवतात. सगळे उठल्यावर वहिनींनी पाणी प्यायलं आणि पातेल्यातली पेज तोंडात घेतली. गिळवेना. त्यांनी ती मोरीत थुंकली, चूळ भरली, आणि त्या वन्संकडे वळून उभ्या राहिल्या. बारीक मिठाचा विचारही त्यांच्या मनात आला नाही. ही जीभ त्यांना इतकी वर्षं माहीत होती. घरच्या आमटीत चिमूटभर जास्त झालं तरी ताट सरकवणारी जीभ.

"का?" त्यांनी विचारलं.

वन्सं डाव घासत होत्या. "केटरिंगसाठी अर्ज कोणाचा आहे, विचारलंस का कार्यवाहांना?"

वहिनींनी विचारलं नव्हतं. अर्ज वन्संच्या मुलाचा होता. लहानपणी तापात ज्याला वहिनींनी हीच पेज भरवली, त्याचा.

"मला सांगितलं असतंत तर मी बाजूला झाले असते," वहिनी म्हणाल्या.

"झाली नसतीस. आणि झाली असतीस तरी उपकार केल्यासारखी. तू उपास करायचीस, पुण्य तुझं. स्वयंपाक तुझा, नाव तुझं. मी काय, जीभ. सगळी वस्ती उपाशी असताना चाटणारी बाई."

"ते चेष्टेत म्हणायच्या, वन्सं."

"तूही हसायचीस."

वहिनींनी उरलेली पेज गटारात ओतली आणि पातेलं पालथं घातलं. कोणी काय केलं ते त्यांनी कार्यवाहांना सांगितलं नाही. अंदाज चुकला, एवढंच म्हणाल्या.

पुढच्या वर्षी भाच्याने उपास सोडवला. भजी होती, बर्फ घातलेलं लाल सरबत होतं. लोकांना आवडलं. काहींची पोटं बिघडली, पण त्याचं खापर कोणी कोणावर फोडलं नाही. भाचा आदल्या दिवशी बोलवायला आला होता. "मामी, नुसत्या येऊन बसा." वहिनी गेल्या नाहीत.

त्या दोघी अजून एकाच घरात राहतात. उपासाच्या त्या संध्याकाळी वहिनींनी आपल्यापुरती पेज केली आणि वाटी घेऊन टेबलाशी बसल्या. समोर वन्सं होत्या.

"मीठ बघू का?"

"घातलेलंच नाही."

वन्संनी मिठाची बरणी पुढे सरकवली. वहिनींनी तिला हात लावला नाही. सगळी पेज त्यांनी तशीच अळणी संपवली आणि वाटी धुवून पालथी घातली.