नरडं

डॉक्टरीणबाईंनी कागदावर चित्र काढून दाखवलं. "स्वरयंत्र पूर्ण काढावं लागेल. गाठ तिथंच आहे."

"म्हणजे नरडंच ना?" पेशंटच्या बायकोनं विचारलं.

डॉक्टरीणबाईंना हसू आलं. पण तिच्या घरात त्या अवयवाला दुसरं नावच नव्हतं. नवरा भाजीच्या ठोक बाजारात लिलाव पुकारायचा. शेवटच्या गाळ्यापर्यंत आवाज पोचायचा, आणि व्यापारी म्हणायचे, "काय कंठ आहे गड्याचा!" तोच कंठ घरी आला की नरडं व्हायचा. तो तिच्यावर खेकसायचा, "नरडं फाडू नकोस." "नरडं दाबीन." लेकीनं आपल्या मनानं लग्न केलं तेव्हा त्यानं जिन्यात उभं राहून अख्ख्या इमारतीला ऐकवलं होतं, "ही मला मेली!"

ऑपरेशन झालं. गळ्याला भोक राहिलं, भोकात नळी बसली, आवाज गेला तो गेलाच. बघायला येणाऱ्यांपुढे तो हातवारे करी आणि ती अर्थ सांगे. "चहा घेऊनच जा म्हणतात." "आलात, बरं वाटलं म्हणतात." तो असलं काही म्हणत नसे. पण तिला चटक लागली.

त्याच भरात तिनं लेकीला बोलावून घेतलं.

लेक दारातच थबकली. त्यानं तिच्याकडे पाहिलं आणि दाराकडे बोट केलं.

"बाबा म्हणतात, दार लोटून घे, आत ये," आई घाईघाईनं म्हणाली.

त्यानं उशाचं भांडं उचलून भिंतीवर हाणलं. नळीतून नुसती फुसफुस झाली.

"आई, एवढं कळतं गं मला," लेक म्हणाली. फळांची पिशवी खाली ठेवून ती आल्या पावली गेली.

भांडं उचलता उचलता बायको त्याला म्हणाली, "गाठ काढली म्हणे. कुठली काढली, देव जाणे." जन्मात पहिल्यांदा तिनं त्याला असं ऐकवलं होतं. तिला त्यात काडीचं सुख वाटलं नाही.

दुसऱ्या दिवशी दिराच्या हातात किल्ली देऊन ती लेकीकडे निघून गेली. "आता जाऊच नकोस," लेक म्हणाली. पण आठवडा व्हायच्या आतच दिराचा फोन आला.

"वहिनी, नळी साफ करताना मला ओकारी येते. माझ्याच्यानं नाही व्हायचं."

ती परतली, कारण दुसरं कुणी नव्हतं. पदर खोचून तिनं हात धुतले, त्याची मान उचलली. तो भिंतीकडे बघत राहिला.