देवमन सरांचं भेव

देवमन सरांसमोर "काही होत नाही" असं म्हणायची सोय नव्हती. हिवरखेडच्या आमच्या शाळेत ते पी.टी. शिकवायचे. उंचेपुरे, तालमीत कमावलेले खांदे, आणि शिट्टी अशी की मैदानाच्या दुसऱ्या टोकाची पोरं धावतच रांगेत येत. अशा माणसाच्या तोंडी शूरपणाच्या गोष्टी असतील अशी माझी आपली समजूत. पण फुटलेल्या गुडघ्याला औषध लावताना कुणी मास्तर एखाद्या पोराला "काही होत नाही रे" म्हणाला, की सर आडवे यायचे. "कावून नाई होत? होते. चांगलं झोंबते. तू रड बेटा, मी धरून राहिलो." पोरगं बिचारं रडायचं सोडून त्यांच्या तोंडाकडे बघत बसायचं.

मी गणित शिकवायला त्या शाळेत लागले, त्याच वर्षी सहल चिखलदऱ्याला गेली होती. दरीच्या कठड्याशी सगळे पोचले आणि हा धिप्पाड माणूस मागे एका झाडाखाली फतकल मारून बसला. "मले भेव लागते बाप्पा. मी नाई येत." भीतीला ते भेव म्हणत, आणि हा शब्द ते दबक्या आवाजात कधीच बोलत नसत. एक मास्तर हसून म्हणाले, "सर, पोट्टे काय म्हनतील?" सर म्हणाले, "सराले भेव लागते म्हनतील. खोटं हाये काय?" हळूहळू दोन-चार पोरं कठड्यापासून निसटून त्यांच्याजवळ येऊन बसली. मला स्वतःला उंचीवरून गरगरतं, पण नवी नवी बाई म्हणून मी चेहरा कडक ठेवून कठडा धरून उभी होते. थोड्या वेळानं माझाही धीर सुटला आणि मी झाडाखाली जाऊन बसले. सरांनी नुसता चिवड्याचा डबा पुढे केला. त्या दिवसापासून ते माझे मोठे भाऊच झाले म्हणायला हरकत नाही.

पुढे ते निवृत्त झाले, मग मीही झाले आणि अमरावतीला माझ्या घरी आले. सर आणि सुमनवहिनी हिवरखेडलाच राहिले. मैदानावर झिजलेला त्यांचा उजवा खुबा एव्हाना पार निकामी झाला होता. तो अकोल्याला बदलला. त्या ऑपरेशनची गोष्ट ते गावात चौकाचौकात रंगवून सांगायचे. "कमरेखाली सुन्न केलं, पन कान तं चालूच होते ना! माह्याच हाडावर हातोडी पडून राहिली अन् मीच आइकून राहिलो. ठक, ठक. मले वाटलं घरात सुतार आला." ऐकणारे हसून बेजार व्हायचे. नवा खुबा छान चालला. दहाएक वर्षं सर शेतापर्यंत पायी जात-येत होते.

मग हळूच काहीतरी बिनसलं. बसून उठलं की पहिली काही पावलं मांडीत कळ यायची, चार पावलं टाकली की जायची. सर म्हणायचे, "जुनी स्कूटर हाये बाई, चोक घ्या लागते." मी फोनवर हसायचे. वहिनी हसत नसत. त्यांनी मला एकदा सांगितलं, "उठले का आंधी उभेच राह्यतात. चप्पल पाहून राहिलो म्हनतात. चप्पल तं पायातच असते." डॉक्टरांना दाखवा म्हटलं की सर विषय बदलायचे. जगातल्या झाडून साऱ्या भीत्या मोठ्यानं सांगणारा हा माणूस ही एक कळ मात्र थट्टेवारी नेत होता. मला तेव्हाच कळायला हवं होतं की हे भेव वेगळं आहे.

त्यांची मुलगी चांदूर बाजारकडे दिलेली. तिच्या सासऱ्यांनी शेतात रोडग्यांचं जेवण ठेवलं होतं आणि मलाही आमंत्रण होतं. गोवऱ्यांच्या आरात भाजलेले कणकेचे रोडगे, वर तुपाची धार, वांग्याची झणझणीत भाजी. आंब्याखाली पंगत बसली. सरांसाठी खुर्ची आणि स्टूल मांडून ठेवलं होतं, कारण खुबा बदलल्यावर जमिनीवर मांडी घालायची नाही असं डॉक्टरांनी बजावलेलं. पण व्याही खाली सतरंजीवर बसले. सर खुर्चीपाशी घुटमळले आणि म्हणाले, "व्याही खाली अन् मी वर? लेकीच्या सासऱ्याच्या डोक्यावर बसू काय?" व्याह्यांनी हात जोडले, मी डोळे वटारले, वहिनींनी सदरा ओढला. पण मान राखायची वेळ आली की आमच्याकडचा माणूस देवाचंही ऐकत नाही. सर सरळ खाली बसले, मांडी घातली आणि दोन रोडगे आवडीनं खाल्ले.

हात धुवायला उठताना त्यांच्या तोंडून जो आवाज निघाला तो मी आधी कधी ऐकला नव्हता. पाय टेकवेना. चौघांनी त्यांना खांद्या-कमरेला धरून उचललं आणि गाडीत ठेवलं. मी शेजारी बसले. गाडी बांधावरून हेलकावत निघाली तेव्हा ते माझ्याकडे न बघता म्हणाले, "जित्तेपनीच चौघायनं उचललं मले, बाई." त्यात थट्टा अजिबात नव्हती.

अकोल्याच्या डॉक्टरांनी एक्स-रे दिव्यावर लावून दाखवला. मांडीच्या हाडात बसवलेल्या धातूच्या दांड्याभोवती एक काळी रेघ दिसत होती. दांडा हाडात ढिला झाला होता. हे एका जेवणात होत नाही, कधीपासून होत आलंय, असं डॉक्टरांनी समजावलं. सरांना मात्र ते शेवटपर्यंत पटलं नाही. "रोडग्यानं केलं," एवढंच त्यांचं म्हणणं. इकडे व्याही बिचारे अपराध्यासारखे रोज फोन करायचे. डॉक्टर म्हणाले, आधी आत जंतू आहेत का ते बघू, सुई घालून पाणी काढू. जंतू निघाले तर दोन ऑपरेशनं आणि मधले काही महिने अंथरुणावर. नाही निघाले तर एकच, पण पहिल्यापेक्षा मोठं. आणि काहीच केलं नाही तर आतून हाड झिजत जाईल आणि कधीतरी मोडेल. सरांनी एकच प्रश्न विचारला, "पयलेचा दांडा कसा काढसान?" डॉक्टर सरळ माणूस होते. ठोकून काढावा लागतो, म्हणाले, निघालाच नाही तर हाड उकलावं लागतं. सरांनी मान हलवली.

रिपोर्ट यायचा होता तेवढे दिवस त्यांचा रोज फोन यायचा. "बाई, पयल्या वेळेस मी अडानी होतो, म्हनून हासत गेलो. आता सारं मालूम हाये." मला नुसती ती हातोडी ऐकू यायची. ज्या गोष्टीवर मी इतकी वर्षं खदखदून हसले, ती आठवली की आता मी उठून काहीतरी काम काढायचे.

जंतू निघाले नाहीत. आम्ही सुटकेचा श्वास घेतला, पण तो जेमतेम दिवसभर टिकला. दुसरं मत घ्यायला सर आणि वहिनी अमरावतीला माझ्याकडे येऊन राहिले. इथल्या डॉक्टरांनी तेच सांगितलं, वर हृदयाची तपासणी करायला लावली. हृदय थोडं थकलेलं निघालं. ऑपरेशन करता येईल पण धोका आहे, असं त्या दुसऱ्या डॉक्टरांनी स्वच्छ सांगितलं. संध्याकाळी माझ्या ओसरीवर सर काठी आडवी धरून बसले होते. "नाई केलं तं हाड मोडते. केलं तं मीच मोडतो," म्हणाले. मग आतल्या खोलीत अंथरूण घालणाऱ्या वहिनींकडे बघत आवाज खाली आणला, "पन खाटेवर पडून नाई राह्यचं मले. सुमननं माह्यं सारं खाटेवर काढाव, थे नाई पायजे. करून टाकू." निर्णय झाला तो असा.

आणि त्यानंतर सर बदलले. तारीख ठरल्यापासून त्यांच्या तोंडून भेव हा शब्द गेला तो गेलाच. लेक फोनवर रडायला लागली तर ते तिला म्हणाले, "येडी कावून होऊन राहिली? काई होत नाई." वहिनींना म्हणाले, काई होत नाई. मला म्हणाले, काई होत नाई. ज्यांनी उभ्या जन्मात हे वाक्य दुसऱ्याला बोलू दिलं नाही, ते आता उठता-बसता तेच म्हणत होते. डॉक्टरांनी सांगितलेल्या धोक्यानं मी घाबरले नव्हते इतकी या वाक्यानं घाबरले.

ऑपरेशनच्या दिवशी सकाळी मी अकोल्याच्या दवाखान्यात पोचले तेव्हा त्यांना हिरवा झगा घातला होता. त्या झग्यात त्यांचे खांदे अचानक म्हाताऱ्याचे दिसले. या वेळी पूर्ण भूल देणार होते, म्हणजे हातोडी तरी ऐकू येणार नव्हती. त्यांच्या काढलेल्या कपड्यांची पिशवी घेऊन वहिनी बाहेर बाकाकडे गेल्या आणि सरांनी माझं मनगट धरलं. "बाई, लय भेव लागून राहिलं. सुमनले सांगू नोका, थे अगोदरच खंगून गेली." मी बरं म्हटलं.

बाहेर बाकावर वहिनी त्यांच्या सदऱ्याची घडी घालत होत्या, मोडत होत्या, पुन्हा घालत होत्या. मी शेजारी बसले तशा त्या माझ्याकडे न बघता बोलल्या. "यायले भेव लागून राहिलं, मले मालूम हाये. रातभर डोये मिटून पडले होते, झोप नवती. मी बी तशीच पडून होती. बोलली नाई. म्हटलं, माह्यं भेव पाहून यायचा धीर खचीन."

मला एकदम राग आला. दोघांचाही. उभा संसार एका छपराखाली केला आणि आज शेजारशेजारच्या खाटांवर झोपेचं सोंग घेऊन दोघं एकमेकांना जपत होते! आतून स्ट्रेचर ढकलल्याचा आवाज आला. मी म्हटलं, "वहिनी, ते आत्ता मला म्हणाले, लय भेव लागतंय. तुम्हाला सांगू नका म्हणाले. जा तुम्ही."

वहिनी उठल्या. इतक्या भरभर चालताना मी त्यांना कधी पाहिलं नव्हतं. ऑपरेशनच्या खोलीच्या दाराआधी त्यांनी स्ट्रेचर गाठलं, सरांच्या छातीवर हात ठेवला आणि सगळ्यांदेखत म्हणाल्या, "मले बी भेव लागून राहिलं हो. लय."

सरांनी आधी माझ्याकडे पाहिलं. त्या नजरेत राग होता, तो मला अजून दिसतो. मग त्यांचा चेहरा विरघळला आणि ते रडायला लागले, चांगले मोठ्यानं. वहिनीही रडल्या. नर्सबाई गोंधळून म्हणाल्या, काका, बीपी वाढेल. स्ट्रेचर ढकलणारा थांबून राहिला. थोड्या वेळानं सरांनीच डोळे पुसले आणि म्हणाले, "चाल आता." दारापर्यंत वहिनींचा हात त्यांच्या हातात होता.

ऑपरेशन खूप वेळ चाललं. दांडा निघाला, नवा बसला, डॉक्टर समाधानानं बाहेर आले. संध्याकाळी शुद्धीवर आल्यावर सरांनी पाणी मागितलं आणि लेकीचं नाव घेतलं. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांचं हृदय बंद पडलं. डॉक्टरांनी सगळे प्रयत्न केले.

तेरवीला मी हिवरखेडला गेले. मनात एक टोचणी घेऊन गेले होते. शेवटच्या घटकेला त्यांनी माझ्यावर विश्वास टाकला आणि मी तो दहा पावलांवर मोडला. आत जाताना माणसानं शांत जावं, मी त्यांना रडत पाठवलं. पाहुणे पांगल्यावर स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशी बसून मी हे सारं वहिनींना सांगून टाकलं आणि माफी मागितली.

"बरं केलं बाई तुमी," त्या म्हणाल्या. "नाई तं एकलेच भेत गेले असते थे."