टिकाराम, चंद्रकांता

भंडाऱ्यातून गोंदिया जिल्हा वेगळा होऊन बरीच वर्षं झाली होती, तेव्हाची गोष्ट. अड्याळच्या बाजारात जीवन रामटेकेची मोबाईल दुरुस्तीची टपरी होती. कोणी न शिकवता तो अ‍ॅप बनवायला शिकला. आता नागपूरला असतो. बांध्यांत, म्हणजे धानाच्या खाचरांत, चिखल झाला की मला अजून त्याचीच आठवण येते.

आमच्या गावच्या धान रोवणाऱ्या बायांसाठी त्यानं अ‍ॅप केलं होतं. टोळीची मुखिया वच्छलाबाई एका ओळीत नाव, बांधी, दिवस लिहायची. स्वल्पविराम दिसेल तिथं अ‍ॅप ओळ तोडायचं आणि तीन तुकडे तीन घरांत, म्हणजे रकान्यांत, ठेवायचं. मग कोणाची पाळी कधी, ते साऱ्यांच्या फोनवर दिसायचं.

आमच्या गावात पहिल्या रोवण्याचा मान दरसाल एका घराला. त्या घरच्या नवरा-बायकोनं रोपांची पहिली जुडी मिळून लावायची, म्हणून नावंही दोघांची घ्यायची. त्या साली कितीतरी वर्षांनी तो मान चंद्रकांताकाकूकडं आला. ती सकाळपासून हळदकुंकू घेऊन बांधावर उभी. टोळी मात्र यादीत तिच्यामागं असलेल्या भय्याजीच्या बांधीत उतरलेली.

काकू तरातरा टपरीवर आली. "तुह्या मोबाईलनं नवऱ्याले एकीकडं अन् मले दुसरीकडं फेकलं का गा?"

जीवननं ओळ उघडली. 'टिकाराम, चंद्रकांता, तळ्याखालची, बुधवार.' अ‍ॅपनं टिकारामला नावात बसवलं, काकूला बांधीत. दिवसाच्या घरात 'तळ्याखालची' आलं. असा वार नाही, म्हणून ओळच गाळली. जीवनच्या घरी बाप नव्हता. अ‍ॅप तपासताना त्यानं आईचं एकटीचंच नाव टाकलं होतं, म्हणून ही चूक तेव्हा दिसली नव्हती.

त्यानं तिथंच ओळ तोडायला स्वल्पविरामाऐवजी फोनवरची हॅशची (#) खूण लावली आणि ओळ नव्यानं लिहिली. काकूची ओळ यादीत वर आली. पण पाहणार कोण? बायांचे फोन पिशव्यांत, पिशव्या बांधावर. तो सायकल घेऊन निघाला.

"मावशी, थांबा! पहिला मान काकूचा आहे!"

वच्छलाबाईनं कमरेवर हात ठेवला. "आता सांगून राहिला का बाबू? पाय भरल्यावर?"

"चुकलं माहं."

तिनं मागं वळून पाहिलं. भय्याजीची पहिली ओळ अजून अर्धीच होती. "पुरी झाली नाही, म्हणजे रोवणा लागला नाही," ती म्हणाली. "चला गं बाया, निघा वर!"

चिखलानं माखलेल्या बाया रांगेनं तळ्याखाली गेल्या. टिकारामकाका लाजत पाण्यात उतरला. काकूनं जुडीचा अर्धा भाग त्याच्या हातात दिला आणि म्हणाली, "धरा नीट. सारं गाव पाहून राहिलं."