संगणकाच्या खोलीतला ससा

"मले काय विचारतेस वं? सशाले विचार." प्रयोग फसला की आमच्या प्रयोगशाळेच्या प्रमुख बाई एवढंच म्हणत आणि चष्मा केसांत खोचत.

सावनेरच्या खाणीत कोळसा भरणाऱ्या बापाची ही लेक. घरात एकच कंदील. रातपाळीला वडील तो घेऊन जात, त्यामुळे लहानपणी बाईंचा गणिताचा अभ्यास वडिलांच्या पाळीवर अवलंबून असे. मीही आमच्या घराण्यातली पहिली बी.एस्सी., हे कुणी न विचारता सांगते. म्हणून बाई मला घरच्याच वाटत.

आमचं काम असं: खरा रोगजंतू न वापरता लस करता येते का, ते पाहायचं. रोगजंतूच्या प्रथिनाचा एक लहानसा तुकडा बाई काचेच्या नळीत स्वतः जोडत. तो सशाला टोचायचा. त्याच्या रक्तात लढणारी प्रतिपिंडं तयार झाली, तर ती तुकड्याला किती घट्ट चिकटतात याचं गणित संगणकाकडून करून घ्यायचं. संगणक एका सरकारी कचेरीत होता. एरवी तो पगारपत्रकं काढायचा.

एकाच सशाच्या रक्तात काहीतरी दिसू लागलं आणि मे महिना आला. नागपूरच्या उन्हात ससे टिकत नाहीत, आणि शेवटचं रक्त जूनमध्ये घ्यायचं होतं. तो गेला असता तर बाईंची सगळी वर्षं गेली असती. आमच्या ओळखीत थंड खोली एकच, संगणकाची. बाईंनी ससा भाजीच्या पिशवीत घातला आणि निघाल्या.

तिथल्या साहेबांनी दारात अडवलं. आत धूळ चालत नाही, चपला बाहेर. बाईंनी काढल्या.

"आणि हा?"

"हा अनवाणीच फिरते, साहेब."

नियमांत सशाविरुद्ध काही सापडेना. ससा आत गेला.

त्या काळी संगणकाला सगळं भोकं पाडलेल्या कार्डांवरून कळायचं. आठवडाभरात सशाने पगाराच्या कार्डांचा गठ्ठा खाल्ला. त्यात साहेबांचंही कार्ड होतं, म्हणजे संगणकाच्या लेखी साहेब नोकरीतच नव्हते.

साहेब म्हणाले, याला आत्ताच्या आत्ता बाहेर काढा. बाहेर उन्हाची भाजणारी लू चालली होती. बाईंचा आवाज मी पहिल्यांदाच इतका खाली आलेला ऐकला. "साहेब, कार्ड पुन्हा होते. हा ससा पुन्हा नाही होत."

मग भोकं पाडायच्या मशीनपाशी बसून बाईंनी सशाने खाल्लेली सगळी कार्डं पुन्हा पाडून दिली, साहेबांचं आधी. साहेब नोकरीत परतले, कार्डं कपाटावर गेली आणि ससा टेबलाखाली राहिला. दुसऱ्या दिवशी साहेबांनीच घरून पालक आणला.

जूनमध्ये रक्त मिळालं. संगणकाने आकडे पगारपत्रकाच्याच कागदावर छापून दिले. ते वाचून बाई तिथेच फरशीवर बसल्या.

बाई आता नाहीत. पण त्या आकड्यांचा अर्थ असा, की त्यांनी नळीत जोडलेला तुकडा सशाच्या रक्ताने रोगजंतू समजून पकडला होता. एका खाणकामगाराच्या लेकीने हे नागपुरात करून दाखवलं.