जवसाच्या तेलाचं वजन

एम.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षी मी नाशिकच्या एका कॉलेजात जवसाचं तेल तोलत होते. ऑइलपेंटमध्ये घालतात ते हे तेल हवेतला ऑक्सिजन ओढून घेतं, त्यानं जड होतं आणि खराब होतं. वनस्पतींतली फिनॉल वर्गातली द्रव्यं त्याला किती दिवस थोपवतात, हा माझा विषय. एका बशीत नुसतं तेल, दुसरीत लवंगेतलं युजेनॉल घातलेलं, तिसरीत हरसूलच्या बाजारातून आणलेल्या कातातलं कॅटेचिन. तिन्ही बश्या गरम पेटीत असायच्या.

माझ्या मार्गदर्शक मॅडम फळ्यावर षटकोन काढायच्या. "युजेनॉलमध्ये एकच ओएच, म्हणजे हायड्रोजन देणारा गट, मोकळा आहे. शेजारच्याचं तोंड मिथिलनं बंद केलंय. कॅटेचिनमध्ये दोन ओएच खेटून बसलेत. एकानं तेलाला हायड्रोजन दिला, की दुसरा त्याला सावरतो. म्हणून ते जास्त टिकेल. पण देण्यासारखं संपलं, की मग कुणी थोपवणारं नाही."

नुसतं तेल आधी जड झालं, मग लवंगेचं. वाया गेलेलं तेल आम्ही सुती चिंध्यांनी पुसायचो. चिंध्या पत्र्याच्या झाकणाच्या डब्यात जायच्या. डबा झटकन पेट घेणाऱ्या ईथरच्या बाटल्यांच्या कपाटाला टेकून असायचा.

एप्रिलमधल्या एका दुपारी वीज गेली होती. मॅडम आत आल्या आणि दारातच थांबल्या.

"रंगाचा वास कुठून येतोय?"

"इथे कुणी रंग लावला नाहीये, मॅडम."

त्या वास घेत डब्यापाशी गेल्या, पत्र्याला हात लावला आणि झटकन मागे घेतला. धूर नव्हता. जाळ नव्हता.

"दार उघड. आणि पुढे पळ."

अंगातला अ‍ॅप्रन काढून त्यांनी डब्याला गुंडाळला आणि डबा उचलला. मी व्हरांड्यातून धावले. अंगणात त्यांनी तो खाली टेकवला, तसं झाकण सरकलं. आत चिंध्यांचा काळा गोळा दिसला. हवा लागली आणि त्याच क्षणी जाळ त्यांच्या तोंडापर्यंत उसळला.

भुवया करपल्या. उजव्या तळव्याला फोड आले. नळाखाली हात धरून त्या हळू बोलल्या, "ऑक्सिजन घेताना तेल तापतं. बशीत ती उष्णता निघून जाते. चिंध्यांच्या ढिगात कुठे जाणार?" मग माझ्याकडे वळून त्यांनी विचारलं, "कपाट भरलेलं होतं?"

"हो," मी म्हणाले.

त्यांची बोटं पुढे कधी पूर्ण मिटली नाहीत. त्या डाव्या हातानं फळ्यावर लिहायला शिकल्या. चिंध्या आता पाण्यात बुडवून ठेवायचो. कातवाली बशी मात्र तशीच होती, वजन तसूभरही हललं नव्हतं. प्रबंधात ते लिहिताना मला जरा अभिमानच वाटत होता.

एका सकाळी तराजूचा काटा किंचित सरकला. मी पुन्हा तोललं.

"मॅडम, तिसरीही चढायला लागली."

त्यांनी तराजूचं काचेचं दार लावलं. "चढणारच होती. आता बघ, थांबायची नाही."

दुसऱ्या दिवशी ती खरंच आणखी जड भरली.